नाणी ठेवायची कशात? अल्बम, होल्डर, कॅप्सूल आणि आजीचा डबा

नाणी जमवायला लागलं की पहिली खरेदी होते अल्बमची. माझीही तीच झाली. पानापानात खिसे, दोनशे नाणी एका वहीत, पाहुण्यांना दाखवायला झकास. तिसरा पावसाळा सरल्यावर पंचम जॉर्जचा 1918 चा चांदीचा रुपया बाहेर काढला, तर राजाच्या दाढीवर हिरवट थर, बोटाला तेलकट लागणारा. दोष खिशाचा होता. ते मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते लवचीक राहावं म्हणून घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर झिरपतात, शिवाय त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. त्या रुपयात चांदी 91.66 टक्के, उरलेलं बहुतेक तांबं, म्हणून तोही सुटला नाही.

ओळखायला सोपं आहे. पान उघडताच नव्या रेनकोटचा वास आला आणि प्लास्टिक ढिलं पडलं, तर तो अल्बम दुकानातच ठेवा. मायलरचं, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पॉलिस्टर प्लास्टिकचं पान ताठ असतं, कुरकुर वाजतं. डाग पडलाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवतात, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. आणि शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, चिंच-मिठाने घासून लखलखीत करणाऱ्यांना तर माझा दुरूनच नमस्कार.

टू-बाय-टू होल्डर म्हणजे मधे मायलरची खिडकी असलेली दोन इंची पुठ्ठ्याची चौकट, दुमडून स्टेपल मारायची. एक नग पाच रुपयांच्या आसपास पडतो. पुठ्ठ्यावर साल, टांकसाळ, कितीला घेतलं, सगळं लिहिता येतं, आणि नाणं हातात न घेता दोन्ही बाजू दिसतात. खोट स्टेपलची. कोकणातल्या हवेत ती गंजते, उलटी टोकं शेजारच्या नाण्याला ओरखडतात. म्हणून पकडीने चपटी करा. नाणं काढताना आधी सगळे स्टेपल उपटा. एक राहिला तर त्याचं टोक नाण्यावर रेघ मारूनच जातं. रुपया साधारण 30.5 मिमीचा, त्याला एक माप मोठी खिडकी घ्या.

कॅप्सूल म्हणजे कडक पारदर्शक डबी. देखणी, ओरखड्याची भीती नाही, पण नगाला वीस रुपयांच्या पुढे, आणि माप अचूक नसेल तर नाणं आत खुळखुळतं. शंभर-दीडशे नाण्यांना लावायची गोष्ट नव्हे. एखादी चांगल्या अवस्थेतली शिवराई, एखादा ठळक ठशाचा रुपया, एवढ्यालाच मी वापरतो.

आजीचा स्टीलचा डबा वाईट नव्हता. वाईट होतं ते आतलं वर्तमानपत्र आणि नाण्यांच्या गड्डीला गुंडाळलेलं रबर. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. आमच्या एका रुपयावर अजून रबराची काळी रेघ आहे, अगदी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांना दमट हवेत पांढरी भुकटी धरते, ती वेगळीच.

दोन-तीन हजारांत संग्रह सांभाळायचा असेल तर माझं मत होल्डरला. ते घट्ट झाकणाच्या डब्यात उभे लावा, सोबत ओल शोषणाऱ्या नारिंगी सिलिका जेलची पुडी. रंग हिरवट झाला की मंद आचेवर सुकवून परत ठेवायची, मात्र स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. नाणी भरायला थंडीतली कोरडी दुपार निवडा. जुलैत भराल तर ओल आतच कोंडाल.

महागडं एखादं नाणं बँकेच्या लॉकरमध्ये जाईलही. पण 2022 पासूनच्या नियमांनुसार बँकेच्या चुकीने चोरी किंवा आग झाली, तर भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभर पट, नाण्याच्या किमतीशी तिचा संबंध नाही. लॉकरमध्येही होल्डर आणि सिलिकाची पुडी लागतेच, आणि ती बदलायला जायचं कोणी, हे घरात आधी ठरवून घ्या.