कॉटनच्या साडीला कडक स्टार्च हवा तर ठाण्याच्या नौपाड्यातली ही लॉन्ड्री

आमच्या गल्लीतली छोटीशी लॉन्ड्री आहे, स्टार्च आणि इस्त्री मिळून साडीचे 120 घेतात. महाग वाटेल, पण काका स्प्रेवर भागवत नाहीत, खळ रोज ताजी करतात. तांदळाचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. थेट गरम पाण्यात टाकलं तर वरवरचं पीठ लगेच फुगून चिकट होतं न् आतलं कोरडंच राहतं, झाल्या गुठळ्या, आणि त्या साडीवर ठिपके होऊन बसतात. नुसत्या गार पाण्यात कालवूनही उपयोग नाही, स्टार्च त्यात विरघळतच नाही, खाली बसतो. साधारण 60-70 डिग्रीला तो पाणी पिऊन घट्ट व्हायला लागतो म्हणून शिजवणं आलंच. माझ्या आईकडे साबुदाण्याची खळ असायची, तोही टॅपिओकाच्या कंदातला स्टार्चच की.

मला आवडलं ते हे की देताना विचारतात, कडक का हलकं? खादीचा कुर्ता वेगळा, मलमलची साडी वेगळी, सगळं एकाच बादलीत बुचकळत नाहीत. इस्त्रीही कपडा थोडा ओलसर असतानाच मारतात, निऱ्या अशा बसतात की पिना कमी लागतात.

आता तक्रार. काळ्या कॉटनवर पांढरट चट्टे आले. खळ जाड झाली आणि नीट गाळलेली नव्हती, दुसरं काय. परत धुऊन दिली, पैसे मागितले नाहीत, पण "नवीन पोरगा होता ताई" हे ऐकून घ्यावं लागलं. गडद रंग असेल तर पातळ करा असं आवर्जून सांगा, चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

अजून एक, हे काही लॉन्ड्रीवाले स्वतःहून सांगत नाहीत. स्टार्च म्हणजे शेवटी साखळीत जोडलेलं ग्लुकोज, कसर आणि बुरशीला आयतं जेवण, त्यात ठाण्याचा पावसाळा. वर्षातून एकदाच नेसायची साडी धुऊन बिनस्टार्चची ठेवा, नेसायच्या आधी द्या. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी हवी असेल तर आठवडाभर आधी टाका, त्या दिवसांत काकांकडे पाय ठेवायला जागा नसते. सिल्क देऊ नका, ते काम त्यांचं नाही. चार स्टार, एक त्या काळ्या साडीचा कापला.