विकत मिळालेला ‘नवा स्थिरांक’

बी.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पासाठी गणितातला विषय शोधणाऱ्या आमच्या मुलीला ‘अप्रकाशित विषय आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हमखास प्रसिद्धी’ असे आमिष दाखवून एका खासगी मार्गदर्शन केंद्राने बारा हजार रुपये उकळले. ते कोणत्या युक्तीने, हे इतर पालकांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विषय वरकरणी मोहक होता. कोणतीही तीन अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत राहायचे (उत्तर ९९ आले तर ते ०९९ असे तीन अंकी धरायचे). तिन्ही अंक सारखे नसतील तर शेवटी ४९५ हीच संख्या हाती लागते. या संख्येला चक्क मुलीच्या आडनावाचा स्थिरांक म्हणायचे ठरले होते आणि पुराव्यादाखल संगणकाने काढलेली पानेच्या पाने कोष्टके जोडली होती. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी याच क्रियेतून चार अंकी संख्यांसाठी ६१७४ हा स्थिरांक १९४९ साली शोधला आणि ४९५ हे त्याचेच तीन अंकी भावंड आहे, ही गोष्ट आम्हा नाशिककरांनाच नवा शोध म्हणून विकली गेली, याची चीड अधिक येते.

महाविद्यालयातील प्राध्यापकांनी कोष्टके बाजूला सारली. पहिल्या वजाबाकीचे उत्तर म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट; म्हणून ९९ पासून ८९१ पर्यंतची नऊच उत्तरे संभवतात आणि ती तपासली की अर्ध्या पानात सिद्धता पुरी होते. ओईआयएस या संख्याक्रमांच्या विनामूल्य ऑनलाइन कोशात ४९५, ६१७४ एवढे टाकले तरी सारे उघड होते.

नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक असल्याचा केंद्राने फार गाजावाजा केला. तो क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवतो. लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात की नाही, याची हमी त्यातून मिळत नाही. पावतीवर मात्र ‘मार्गदर्शन व टंकलेखन शुल्क’ एवढेच लिहिलेले असल्याने ‘नवा विषय देण्याचे आम्ही कबूलच केले नव्हते’ असे सांगून पैसे परत करण्यास नकार मिळाला. विषय विकणाऱ्याला यातला कोणता भाग अजून सिद्ध व्हायचा आहे, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. टाळाटाळ झाली तर एक रुपयाही देऊ नये.

पदवीच्या प्रकल्पाला विषय अगदी नवा लागतो, ही समजूतच अशा दुकानांना पोसते, असे माझे मत आहे. मुलगी आता हीच क्रिया दशमानाऐवजी इतर पायांवर, म्हणजे दहाऐवजी आठच किंवा पाचच अंक वापरणाऱ्या संख्यापद्धतींत, करून पाहते आहे: आठच्या पायावर ३७४ हा स्थिरांक मिळतो, पाचच्या पायावर मात्र दोन संख्यांचे चक्र फिरत राहते, आणि सम व विषम पायांतला हा फरक का पडतो, याची सिद्धता ती स्वतः लिहिते आहे. जाहिरातीचे छायाचित्र, पावती आणि संदेश जोडून आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.