स्टर्नड्राइव्हचे ॲनोड: जस्त घ्यावं की ॲल्युमिनियम?

ॲनोड म्हणजे बोटीचा धातू वाचावा म्हणून त्याच्याऐवजी झिजायला लावलेला धातूचा तुकडा. आमच्या बंदरात त्याला सगळेच 'झिंक' म्हणतात, मग तो कशाचाही असो. दुकानात 'झिंक द्या' म्हटलं की जस्ताचाच हातात पडतो आणि निवड करायची राहूनच जाते. स्टर्नड्राइव्हवाल्याने, म्हणजे ज्याचं इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे पाण्यात असतो त्याने, मात्र ती करावी. आपल्या ड्राइव्हचं अख्खं कवच ॲल्युमिनियमचं आणि पंखा (प्रॉपेलर) अनेकांचा स्टेनलेसचा. दोन्ही एकत्र खाऱ्या पाण्यात बुडाले की आधी खाल्लं जातं ते कवच.

मी पहिले तीन हंगाम जस्त वापरलं. माझी बोट रेवदंड्याच्या खाडीत असते. पावसाळ्यात वर काढतो, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडतो. त्या दिवसांत कुंडलिका नदी अजून भरून वाहत असते. खाडीचं पाणी मचूळ, सुकतीला तर जवळजवळ गोडंच. तिसऱ्या वर्षी दिवाळीत बोट ओहोटीला कोरडी टेकवली, तर ॲनोड लावले तेवढेच शिल्लक. माल चांगला निघाला असं वाटलं. मग पंख्यामागे हात घातला. कवचाचा रंग फोडासारखा फुगला होता. नखाने दाबल्यावर तो फुटला आणि आतून ओलं पांढरं पीठ निघालं. पुसून पाहिलं तर खाली बोटाला खड्डे लागत होते. ॲनोडवर मात्र करडा, दगडासारखा थर. पटाशीने खरवडला तेव्हा कुठे आतलं चकचकीत जस्त दिसलं.

जस्ताची हीच खोड मला नडली. मचूळ पाण्यात त्यावर साय धरावी तसा थर धरतो आणि ते काम करायचं थांबतं. पुढे खाडी पुन्हा खारी झाली तरी खरवडल्याशिवाय ते जागं होत नाही. वरून बघणाऱ्याला ॲनोड धडधाकट दिसतो. निम्मा झिजला की बदलायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. न झिजलेल्याचा संशय कोणी घेत नाही.

ॲल्युमिनियमच्या ॲनोडला हा त्रास मला अजून झालेला नाही. हे भांड्यांचं ॲल्युमिनियम नव्हे, त्यात थोडं जस्त आणि किंचित इंडियम असतं. त्या इंडियममुळेच थर घट्ट बसत नाही. म्हणून कोणी भंगार ॲल्युमिनियम ओतून स्वस्तात 'तस्साच' करून देतो म्हणाला तर घेऊ नका; त्यावर थर बसणारच. समुद्राच्या पाण्यात जस्ताचं विभव साधारण उणे १.०३ व्होल्ट, याचं उणे १.१० च्या आसपास; विभव जितकं जास्त उणे, तितका तो धातू आधी झिजून दुसऱ्याला वाचवतो. फरक एवढासाच, पण कवचही ॲल्युमिनियमचंच असल्याने तो कामी येतो. किलोमागे हे जस्ताच्या तिप्पट काम देतं. अर्थात त्याच मापाचा ॲनोड वजनाला हलका, त्यामुळे टिकण्यात तिपटीचा फरक दिसत नाही. माझा संच ऑगस्ट ते मे जातो, मेअखेर निम्म्याच्या आसपास उरतो.

जस्ताची बाजूही खोटी नाही. माझगावला दारूखाना नावाच्या जहाजी सामानाच्या बाजारात गेलात तर ते लगेच मिळतं. आपल्या मॉडेलचा ॲल्युमिनियमचा संच मला दर वेळी आधी मागवून ठेवावा लागतो. बोट नदीच्या मुखापासून लांब, कायम खाऱ्या पाण्यात राहणार असेल तर जस्तानेही भागेल. मॅग्नेशियम फक्त धरणाच्या गोड पाण्यासाठी. समुद्रात ते भराभर विरघळतं, शिवाय रंगही उचकटू शकतं.

बदलायचे तर सगळे एकदम बदला. ट्रिम सिलिंडरवर (ड्राइव्ह वर-खाली कलवणाऱ्या दांड्यावर) एक जात आणि पंख्यामागे दुसरी, असं नको. पंख्यामागच्यासाठी पंखा उतरवावा लागतो, म्हणून तोच राहून जातो. माझे खड्डे नेमके तिथलेच. बसायची जागा घासून उघड्या धातूवर आणा, ॲनोडला रंग लावू नका, बोल्ट आवळल्यावर ॲनोड आणि कवच यांच्यात मल्टिमीटर लावा. रोध शून्याच्या जवळ यायला हवा.

एका बोटीच्या अनुभवावरून सगळ्यांचं ठरवू नये, हे मान्य. पण ते खड्डे मी इपॉक्सीने भरले, त्याला आता चार हंगाम झाले. तेव्हापासून ॲल्युमिनियमच लावतो आहे. दर मे महिन्यात पंखा उतरवून त्या जागेवर बोट फिरवतो; नवा खड्डा लागलेला नाही.