रिस्टिक : फुकटातलं बॅकअप, पुरात तपासलेलं

सिंहगड रोडच्या एका सीए ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं, एकतानगरीच्या बाजूला तळमजल्यांत घुसलं. सर्व्हर टेबलाखाली. रिटर्नची शेवटची तारीख ३१ जुलै. सर फोनवर एकच विचारत होते, "टॅली कधी चालू होतंय?"

पाण्यात गेलेली हार्ड डिस्क वाळवून चालू करून बघायची नसते. ती बाजूला ठेवली आणि रिस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं रोज रात्री घेऊन ठेवलेल्या प्रतीकडे वळलो.

रिस्टिक ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, पैसे लागत नाहीत. फाइलींचे तुकडे करून फक्त नवे तुकडे पाठवतं, त्यामुळे रोज रात्रीचा बॅकअप लवकर उरकतो. विंडोजवर शॅडो कॉपीचा (त्या क्षणाची गोठवलेली प्रत घेण्याचा) पर्याय चालू केला की उघड्या फाइलीही नीट येतात. सगळं आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं होऊन, बाहेर पडतं. आमची एक प्रत क्लाउडवर, ॲमेझॉनच्या हैदराबाद रीजनमध्ये. मुंबईही होतं, पण पुण्यात बदाबदा कोसळत असताना मुंबई कोरडी असेल हे कुणी सांगावं!

मला सगळ्यात आवडलं ते रिस्टोअर. हवा तेवढाच फोल्डर मागता येतो. सरांच्या घरी हॉलमध्ये नवं मशीन मांडलं, आधी टॅलीचा डेटा आणि चालू वर्षाचे क्लायंट उतरवले. जुनी स्कॅन केलेली कागदपत्रं मागाहून, रात्री. सगळं उतरेपर्यंत थांबलो असतो तर आर्टिकलशिपची पोरं नुसता चहा पीत बसली असती. क्लाउडवरून डेटा खाली घ्यायचे पैसे मात्र वेगळे पडतात, ते आधी सांगून ठेवा.

आता खोड्या. हे फाइली परत देतं, सर्व्हर नाही. विंडोज, युजर, शेअरिंग, प्रिंटर सगळं हातानं. टॅलीचं लायसन्सही नव्या मशीनवर पुन्हा ॲक्टिव्हेट करायचं. खरा वेळ यातच गेला. अख्खा सर्व्हर जसाच्या तसा उभा करायचा असेल तर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, घेणारं सॉफ्टवेअर लागेल.

नुसती 'चेक' कमांड दिली तर ते बॅकअपच्या साठ्याची रचना बघतं, आतला डेटा वाचत नाही. वाचायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. आम्ही दर रविवारी थोडा थोडा भाग वाचून घेतो. पासवर्ड हरवला तर विषय संपला, मागचं दार नाही. पण एकाच साठ्याला एकापेक्षा जास्त पासवर्ड ठेवता येतात, म्हणून एक माझ्याकडे, दुसरा कागदावर सरांच्या बँकेच्या लॉकरमध्ये.

बटणं-खिडक्या नाहीत, काळा स्क्रीन आणि कमांड. ऑफिसात ते टाइप करणारं कुणी नसेल तर या वाटेला जाऊ नका, सरळ पैसे मोजा. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो विंडोजवर बॅकअप ड्राइव्हसारखा उघडून बघता येत नाही म्हणून, लिनक्सवर येतो.