मोडी वाचून देणारे काका, रत्नागिरी: 5 पैकी 5 स्टार

बाबा गेल्यावर आम्ही तिघं भावंडं राजापूरजवळच्या घरी माळा आवरायला गेलो आणि लाल फडक्यात बांधलेलं दप्तर सापडलं, सगळे कागद मोडी लिपीत, कसर लागलेले, कोणालाच वाचता येईना. आधी एकाला फोटो पाठवले होते, त्याने अॅडव्हान्स घेऊन महिनाभर नुसतं लटकवलं, म्हणून मग हे रत्नागिरीचे काका.

पानाला दोनशे रुपये घेतात, आठ दिवसांत टाइप करून देतात. पण घाई करत नाहीत. समोर बसवून दाखवलं, मोडीत आधी सबंध आडवी रेघ ओढतात मग खाली अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. सातव्या कागदाला थांबले, पाणी प्यायले, ताईला म्हणाले बस जरा. दत्तकपत्र होतं. शके 1870 म्हणजे 1948 सालचं. बाबा आजीचे नव्हतेच, पलीकडच्या वाडीतल्या धाकट्या आजीचे. दर गणपतीला यायची, बाबांच्या पानात स्वतःच्या हाताने मोदक वाढायची आणि जेवायला न थांबता निघून जायची ती. दादा तिथेच रडला.

काकांनी त्या कागदाचे पैसे घेतले नाहीत, वर सांगितलं की तलाठ्याकडे किंवा तहसीलला गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली बाबांची जन्मनोंद बघा, आईचं नाव मिळालं तर तिथे मिळेल. अर्ज केलाय. कोणाकडे असे कागद असतील तर प्लीज लॅमिनेट करू नका, तसेच घेऊन जा.