उन्हाळ्यात ट्राउटसाठी कुठे जावे: तीर्थन, लिद्दर, ब्रिंगी की उंचावरची सरोवरे?

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या एप्रिल संपता संपता डोहांपुरत्या उरतात, धरणांच्या पाण्याचा वरचा थर दुपारी कोमट होतो, आणि त्याच सुमारास शाळांना सुट्या लागतात. फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून बांधलेली नकली माशी जड दोरीच्या फेकीने पाण्यावर अलगद उतरवून मासा धरण्याची कला. ती शिकू पाहणाऱ्या किंवा जोपासणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचा प्रश्न तेव्हा साधारण एकच असतो: ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जावे की काश्मीर गाठावे? या दोन्ही ठिकाणी उन्हाळ्याच्या वेगवेगळ्या आठवड्यांत गळ टाकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, राज्य निवडण्याआधी रजेची तारीख पाहावी आणि त्या आठवड्यात नदीला पाणी कुठून येत असेल याचा विचार करावा.

मासा दोन्हीकडे एकाच कुळातला आहे. ब्राउन ट्राउटची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आली व तिथे रुजली, आणि १९०९ मध्ये काश्मीरमधूनच हा मासा कुलूच्या खोऱ्यात पोहोचला. त्यामुळे त्याच्या गरजाही सारख्याच आहेत. पाणी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस असताना तो मोकळेपणाने खातो. २० अंशांकडे जाऊ लागले की पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, आणि अशा वेळी खेळवून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी थोड्या वेळाने मरण्याची शक्यता बरीच असते. फरक आहे तो पाण्यात. हिमालयातल्या नदीला उन्हाळ्यात तीन वाटांनी पाणी मिळते: वितळणारे बर्फ, झरे आणि पाऊस. यातले कोणते पाणी कोणत्या आठवड्यात वरचढ ठरते, यावर सहलीचे यश अवलंबून असते.

तीर्थनपासून सुरुवात करतो, कारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रजा असणाऱ्याला मी निःशंकपणे तीच सुचवतो. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातल्या बर्फाळ उतारांवर उगम पावते. १९९९ मध्ये घोषित झालेले हे उद्यान २०१४ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. नदी पुढे गुशैणी, नागणी, बंजार अशी उतरत लारजीला बियासला मिळते. वरचे पाणलोट क्षेत्र जंगलाखाली असल्यामुळे मे महिन्यात पाणी वाढले तरी ते गढूळ होत नाही, हिरवट पारदर्शक राहते, आणि दगडांच्या आडोशाला उभ्या असलेल्या माशाला आपली माशी दिसते. स्थानिक लोकांच्या विरोधामुळे या नदीवर मोठे जलविद्युत प्रकल्प उभे राहिले नाहीत, हे तिच्या आजच्या स्थितीचे मोठे कारण आहे. शेजारच्याच खोऱ्यातली सैंज प्रकल्पांनी बांधली गेली. दोन्ही नद्यांच्या काठाने एकाच सहलीत चालून पाहिले की वाहत्या पाण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तीर्थनचे पात्र अरुंद आहे आणि काठावर झाडी दाट आहे, त्यामुळे इथे लांब फेकीची गरज पडत नाही आणि मागे मोकळी जागा मिळेल याचा भरवसाही नसतो. साडेसात-आठ फुटांची, तीन किंवा चार क्रमांकाची (क्रमांक जितका लहान तितकी दोरी हलकी) काठी पुरेशी होते. वर एक फुगीर, तरंगणारी माशी आणि तिच्या खाली दीड-दोन फुटांवर मणी लावलेला निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी दिसणारी, बुडणारी माशी) अशी जोडी बांधून दगडामागच्या प्रत्येक लहान शांत जागेत दोन-तीनदा टाकून पुढे सरकावे, ही इथली सर्वांत फळणारी पद्धत आहे. एकाच डोहावर तासभर उभे राहणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. मासे मोठे नसतात, वीत-सव्वा वीत हीच नेहमीची लांबी. पण नवशिक्याला दिवसाकाठी चार-पाच वेळा माशीवर झेप घेतलेली दिसते, आणि शिकण्याच्या काळात मोठ्या माशापेक्षा त्याची गरज जास्त असते.

मे महिन्यात दिवसाची वेळ मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. दुपारच्या उन्हात वरच्या उतारांवरचे बर्फ वितळते, ते पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून नदी संध्याकाळनंतर चढते आणि पहाटे सर्वांत उतरलेली व सर्वांत स्वच्छ असते. मी पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड ठेवतो आणि दर तासाला तो पाहतो. दगड बुडू लागला की खोल पात्रातून बाहेर येऊन काठावरूनच गळ टाकतो. गुशैणीच्या वर पाणी जूनमध्येही थंड राहते, पण बंजारच्या खाली, लारजीकडे, दुपारचे पाणी बरेच तापते. तिथे उष्णतामापक बुडवून पाहिल्याशिवाय काठी जोडू नये.

तीर्थनची मर्यादाही तितकीच ठळक आहे. हिमाचलात मोसमी पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो, आणि त्यानंतर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नदी मातकट, फुगलेली आणि धोक्याची असते. जुलैमध्ये रजा मिळणाऱ्याने तीर्थनचा विचार सोडून द्यावा.

त्याच जुलैमध्ये काश्मीरचे चित्र उलट असते. पीर पंजालची रांग मोसमी वाऱ्यांना बऱ्याच अंशी अडवते, त्यामुळे खोऱ्यात पाऊस तुलनेने कमी पडतो आणि हिमवितळीचा जोर ओसरल्यावर नद्या सुधारत जातात. बहुतेक जण ज्या मे महिन्यात काश्मीरला जातात, तोच नेमका लिद्दरसाठी कठीण महिना आहे. लिद्दरचा पश्चिमेकडचा फाटा कोलाहोई हिमनदीकडून आरूमार्गे येतो, पूर्वेकडचा शेषनागकडून चंदनवाडीमार्गे, आणि दोन्ही पहलगामला एकत्र होतात. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत हे पाणी करडे, दुधाळ आणि इतके वेगवान असते की तळाशी असलेल्या माशापर्यंत माशी पोहोचेपर्यंत दोरी खाली वाहून गेलेली असते. जड निम्फ आणि बुडणाऱ्या टोकाची दोरी घेऊन काठालगतच्या संथ पट्ट्यात मासा मिळतो, पण ते अनुभवी हाताचे काम आहे. हीच नदी ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरमध्ये निळसर, पारदर्शक आणि खेळकर होते. तेव्हा नऊ फुटांची पाच क्रमांकाची काठी घेऊन मोकळ्या पात्रात लांब फेक करण्यात जे समाधान आहे, ते तीर्थनच्या झाडीत मिळणार नाही. तीर्थनपेक्षा मोठा मासा मिळण्याची शक्यताही इथे अधिक आहे.

सोनमर्गवरून वाहणाऱ्या सिंधलाही थोड्याफार फरकाने हेच लागू होते. (ही काश्मीरमधली सिंध, लडाखमधून येणारी सिंधू नव्हे.) तिचे वरचे पाणी अधिक थंड आणि उतार अधिक तीव्र आहे, तर कंगनच्या परिसरात जलविद्युतनिर्मितीसाठी पाणी वळवले जाते, म्हणून लिद्दर आणि सिंध यांतून एकच निवडायची असेल तर मी लिद्दर निवडेन. अमरनाथ यात्रेचे दोन मार्ग या दोन नद्यांच्या काठांनीच जातात, एक पहलगाम-चंदनवाडीचा आणि दुसरा सोनमर्गजवळच्या बालतालचा. त्यामुळे यात्रेच्या आठवड्यांत निवास, वाहने आणि रस्त्यावरची तपासणी या सगळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मे-जूनमध्ये काश्मीरलाच जायचे ठरले असेल, तर ब्रिंगीकडे वळावे. कोकरनागच्या परिसरातली जमीन चुनखडकाची आहे आणि तिच्यातून फुटणारे मोठे झरे या नदीला पाणी पुरवतात. झऱ्याचे पाणी ऋतूप्रमाणे फारसे तापत किंवा गारठत नाही आणि त्यात गाळ नसतो. डकसुमकडून येणारे हिमवितळीचे पाणी फुगले, तरी झऱ्यांच्या खालच्या पट्ट्यात पाणी लवकर निवळते. लिद्दरवर दोन दिवस रिकाम्या हाताने घालवून मी एकदा जूनच्या आरंभी इथे आलो, तेव्हा पहिल्या सकाळीच पाणवनस्पतींच्या कडेला मासे वर येऊन माश्या टिपताना दिसले होते. स्वच्छ पाण्याची अडचण अशी की मासाही आपल्याला तितकाच स्पष्ट पाहतो. बारा फुटांचा बारीक लीडर (जड दोरी आणि माशी यांना जोडणारा पारदर्शक धागा), सोळा-अठरा क्रमांकाच्या लहान माश्या, उजळ रंग टाळलेले कपडे आणि गुडघ्यावर बसून केलेली फेक एवढी शिस्त नसेल, तर ब्रिंगीत मासे दिसतील पण लागणार नाहीत. नवशिक्याने म्हणून तीर्थनच निवडावी.

ज्या चुनखडकामुळे ही नदी समृद्ध आहे, त्याच्यामुळेच ती असुरक्षितही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वांदेवलगाम इथे नदीच्या पात्रात विवर पडले, वरचे पाणी त्यात नाहीसे झाले आणि खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट तडफडून मेले. नदी पुन्हा वाहती झाली, तरी जाण्याआधी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी स्थानिक माणसाकडे जरूर करावी. इथे पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की मासा सोडवायला दोन क्षण पुरतात, आणि ओल्या हाताने, पाण्यातच धरून सोडला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर शाबूत राहतो.

परवान्यांची व्यवस्था दोन्हीकडे निराळी आहे आणि निर्णयात तिलाही स्थान द्यावे. हिमाचलात मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना घेतला की नदीच्या खुल्या भागात फिरता येते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र काठी नेऊ नये. काश्मीरमध्ये नदीचे बीट, म्हणजे गळ टाकण्यासाठी आखलेले पट्टे, पाडलेले आहेत, परवाना ठरावीक बीटसाठी आणि ठरावीक दिवसासाठी मिळतो आणि एका बीटवर मोजक्याच काठ्यांना वाव असतो. त्यामुळे काश्मीरला आयत्या वेळी जाऊन चालत नाही, पण बीट मिळाल्यावर तिथे गर्दीही नसते. तीर्थनवर मेमधल्या शनिवार-रविवारी सोयीच्या प्रत्येक डोहाशी कुणी ना कुणी असते.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातल्या सहा जणांनी प्राण गमावले, आणि त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे बंद ठेवून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली. म्हणून बीट ठरवताना ते ठिकाण आणि तिथे जाण्याचा रस्ता खुला आहे ना, याची खात्री प्रशासनाकडून करून घ्यावी. दुसरी गोष्ट हिमाचलातली आहे. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थनवरून परतताना बियासचा रुंद, उथळ काठ खुणावतो. धरणाखालच्या पात्रात पाय ठेवू नये, मग पाणी कितीही कमी दिसो.

एवढ्या लांब जाण्यापेक्षा आपल्याकडेच का नाही, असेही विचारले जाते. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटा पॉवरने अनेक दशके महसीरची पैदास केली आहे, आणि दख्खनचा महसीर माशीवर धाव घेतो हेही खरे. पण एप्रिल-मेमध्ये पाणी किमान पातळीला आणि कमाल तापमानाला असते, मासे उरलेल्या डोहांत दाटीने असतात, आणि त्या वेळी त्यांना गळाने दमवणे मला पटत नाही. कायद्याने परवानगी असेल तिथेही थंडी सुरू होईपर्यंत थांबावे.

राहिली सरोवरे. सोनमर्गहून नारानागला उतरणाऱ्या सात-आठ दिवसांच्या पायवाटेवर विशनसर, किशनसर, गडसर आणि हरमुखच्या पायथ्याचे गंगाबल अशी सरोवरे लागतात, त्यांतली बहुतेक साडेतीन हजार मीटरांहून उंच आहेत आणि त्यांत ब्राउन ट्राउट आहेत. जूनअखेरपर्यंत खिंडींत बर्फ असते, त्यामुळे जुलैच्या मध्याआधी ही वाट धरू नये. सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा बर्फाची शक्यता सुरू होते. इथला मासा नदीतल्यासारखा एका जागी उभा राहून खात नाही, तो काठाकाठाने फेऱ्या घालतो. त्यामुळे पाण्यात न उतरता, काठापासून चार-पाच पावले मागे राहून, ओढा सरोवरात शिरतो त्या तोंडाशी वाट पाहावी. माशाची फेरी कोणत्या दिशेने चालली आहे हे कळले की माशी त्याच्या बरीच पुढे टाकून स्थिर ठेवावी आणि मासा जवळ आला की अगदी थोडी हलवावी. सकाळी पाणी आरशासारखे असते तेव्हा हे सगळे अवघड जाते. वारा सुटून पृष्ठभागावर बारीक लहरी आल्या की मासा निर्धास्त होतो आणि आपली चूकही झाकली जाते.

ही वाट चार हजार मीटरांहून उंच खिंडीतून जाते, म्हणून चालण्याचा सराव नसलेल्याने ती केवळ माशासाठी निवडू नये. सराव आहे, रजा जुलै-ऑगस्टमध्ये मिळते आणि काठी चार तुकड्यांत दुमडणारी आहे, अशा व्यक्तीने मात्र तीर्थन आणि लिद्दर दोन्ही बाजूला ठेवावे. विशनसरचा परवाना निघण्याआधीच काढून ठेवावा आणि तिथे एक रात्र जास्तीची धरावी, कारण पहिल्या दिवशी पाऊस किंवा धुके असले तर दुसरी सकाळ हाताशी राहते.