मेंदूचं ८ तुकड्यांचं मॉडेल आणि सोबतची कार्डं, दोन महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी डॉक्टर वगैरे काही नाही. सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला बायोलॉजिकल सायकॉलॉजीचा पेपर आहे आणि माझं सायन्स कधीच सुटलेलं, त्यामुळे पुस्तकातल्या मेंदूच्या आकृत्या बघून डोक्याचा पार भुगा व्हायचा. प्रत्येक आकृती वेगळ्याच बाजूने कापलेली, एकीत हिप्पोकॅम्पस (नवीन आठवणी घडवणारा भाग) डावीकडे, दुसरीत मधेच कुठेतरी, तिसरीत गायबच. शेवटी वैतागून हे मॉडेल मागवलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण सेम मॉडेल चार-पाच नावांनी मिळतं, ८ तुकडे, पांढरा स्टँड, आकड्यांची एक घडीपत्रिका आणि मेंदूवरचं संशोधन कसं करतात याची ३० कार्डं असं असेल तर हेच ते.

तर मॉडेल. साधारण खऱ्या मेंदूएवढंच आहे, पण वजनाला फारच हलकं. खरा मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमच्या आसपास असतो, हे हातात घेतलं की मोबाईलचं कव्हर उचलल्यासारखं वाटतं. आणि कडक! ताजा मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर नुसता ठेवला तर स्वतःच्याच वजनाने बसतो, म्हणून तर तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. प्लॅस्टिककडून एवढी अपेक्षा नव्हती म्हणा, पण पत्रिकेत एक ओळ टाकली असती तर काय बिघडलं असतं.

मधून दोन अर्धे होतात आणि प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे. पुढचा आणि वरचा भाग मिळून एक, कानाजवळचा आणि मागचा मिळून दुसरा, मग ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूखालच्या देठाचा, अर्धा आणि लहान मेंदूचा अर्धा. पहिल्यांदा सुटं करून परत जोडलं ना तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, खोटं नाही सांगत. टेम्पोरल लोब, म्हणजे तो कानाजवळचा भाग, बाजूला काढल्यावर आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस रंगवलेला दिसतो, जरासा वाकडा, आणि त्याच्या पुढच्या टोकाशी बदामाएवढा अमिग्डाला, भीतीसारख्या भावनांचा भाग. अमिग्डाला म्हणजे बदामच आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, ही नावं पाठ करून करून थकले होते, बोट फिरवलं आणि पाठ करायची गरजच संपली. पुस्तकातल्या त्या तीन आकृत्यांत तो तीन ठिकाणी का दिसत होता हेही तेव्हाच कळलं, एकच वस्तू आहे, सुरी वेगवेगळी चाललीय.

आता तक्रारी. खुंट्या ढिल्या आहेत. ब्रेनस्टेमचा डावा तुकडा दर दोन मिनिटांनी खाली पडतो, म्हणजे श्वास ज्याच्या भरवशावर चालतो आणि हृदयाच्या ठोक्यांचा वेग जो सांभाळतो नेमका तोच भाग कॉटखाली. दुसरं, दोन अर्धे जोडणारी मुख्य खुंटी कॉर्पस कॅलोसममधेच घुसवलीय. डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा जवळजवळ २० कोटी तंतूंचा पूल तो, आणि तिथेच भोक! बरं, आठवड्याभरात ती खुंटी माझ्या हातून तुटली आणि दोन अर्धे झाले वेगळे. आई म्हणाली, अगं हे तर आता निम्म्यानिम्म्या डोक्याने विचार करणार. म्हटलं आई, तशी माणसं खरंच होती! फिट्स थांबवायला हा पूल कापलेल्या पेशंट्सवर रॉजर स्पेरी नावाच्या अमेरिकन संशोधकाने प्रयोग केले आणि १९८१ चं नोबेल मिळवलं. डाव्या बाजूला वस्तूचं चित्र दाखवलं तर ते उजव्या मेंदूत जातं, माणूस तोंडाने म्हणतो मला काही दिसलं नाही, आणि त्याचाच डावा हात पडद्यामागे चाचपून बरोबर ती वस्तू उचलतो. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, तुझ्या बाबांचं असंच आहे.

या प्रयोगावरून पुढे लोकांनी डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलाकार असं जे पिल्लू सोडलं ते पत्रिकेत जसंच्या तसं छापलंय, तो परिच्छेद सरळ खोडा. भाषा बहुतेकांत डावीकडे झुकलेली असते एवढं खरं, पण तुम्ही डाव्या मेंदूची व्यक्ती की उजव्या, असा काही प्रकार नसतो. आणखी एक चूक, आकडा १४ आणि १५ अदलाबदल झालेत, थॅलॅमसला (इंद्रियांचे संदेश पुढे पाठवणारा मधला भाग) हायपोथॅलॅमस (त्याच्या खालचा, भूक-तहान सांभाळणारा) म्हटलंय. परीक्षेला बसणाऱ्यांनी पेनाने दुरुस्त करून घ्या, मी पहिल्या टेस्टला हेच चुकवून आले.

लहान मेंदूबद्दल मात्र पत्रिकेत फक्त ‘तोल सांभाळतो’ एवढीच ओळ, याचा राग आला. आपण त्याला लहान मेंदू म्हणतो आणि मोकळे होतो. मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज न्यूरॉन्सपैकी, म्हणजे चेतापेशींपैकी, ६९ अब्जांच्या आसपास एकट्या त्या मागच्या गोळ्यात आहेत, आणि वरच्या सुरकुतलेल्या कॉर्टेक्समधे, जिचं एवढं कौतुक, तिथे साधारण १६ अब्ज. लहान कोण मग?

आता कार्डं. खरं सांगायचं तर मॉडेल दोन आठवड्यांत पाठ होतं आणि शोपीस बनतं, कार्डं मी अजून काढून बसते. कारण कुठला भाग कुठे आहे हे कोणीही सांगेल, पण तो ते काम करतो हे कळलं कसं, हा प्रश्न पुस्तकात मला कोणी नीट विचारूनच दिला नव्हता.

जखमांची कार्डं सगळ्यात भारी. १८६१ मधे ब्रोका या फ्रेंच डॉक्टरसमोर आलेला पेशंट, बोललेलं समजायचं पण स्वतः फक्त ‘टॅन’ एवढंच म्हणायचा, तो गेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढे खराबी. मग एच. एम., म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ मधे फिट्ससाठी ऑपरेशन करून दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला आणि त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज जास्त चांगली गिरवायचा, आणि रोज त्याला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय. म्हणजे आठवण ही एकच गोष्ट नाही. हे कार्ड मी वाचलं आणि स्वतः आरसा घेऊन बसले, पहिली चांदणी म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखी आली. सातवी बरी होती.

फिनिअस गेज या अमेरिकेतल्या रेल्वे कामगाराच्या कार्डावर थोडी फोडणी जास्त आहे. १८४८ मधे सुरुंग ठासायचा लोखंडी गज डाव्या गालाखालून घुसून डोक्यातून वर निघाला, गडी जगला, इथपर्यंत बरोबर. पण पुढे ‘तो आयुष्यभर राक्षस बनून राहिला’ असं लिहिलंय. अहो, तो नंतर चिलीत जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता, प्रवासी घेऊन! सहा घोड्यांचे लगाम सांभाळणारा माणूस अगदीच वाया गेलेला नसणार. स्वभाव बदलला होता हे त्याच्या डॉक्टरने नोंदवलंय, पण कार्डाने त्याला पार खलनायक करून टाकलाय.

ईईजीचं, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याचं, कार्ड छोटं आणि छान. १९२४ मधे हान्स बर्गरने माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा लहरी टिपल्या, छापल्या १९२९ मधे. वेळ मिलिसेकंदात कळतो, पण जागा धूसर, स्टेडियमच्या बाहेर उभं राहून गलका ऐकण्यासारखं, सिक्सर बसला हे कळतं, कोण ओरडलं ते नाही.

एफएमआरआयच्या, म्हणजे काम करत्या मेंदूच्या स्कॅनच्या, कार्डावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्यावर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ‘विचार करताना मेंदू असा पेटतो’. काही पेटत नाही! मशीन बघतं रक्तातला ऑक्सिजन, न्यूरॉन्स नाही. काम झाल्यावर तिथे रक्त वाढतं आणि ते शिखरावर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, तोवर तुमचा विचार कुठल्या कुठे. एकेक ठिपका म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा ठोकळा आणि त्यात न्यूरॉन्स लाखांनी. रंग तर कॉम्प्युटरने भरलेले, आकडेमोडीत फरक ठरावीक मर्यादेवर गेला की लाल. २००९ मधे काही संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमधे ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितलं, आणि हजारो ठोकळ्यांची तुलना करताना काही ठिपके निव्वळ योगायोगाने येतात म्हणून जी दुरुस्ती करायला हवी ती केली नाही तर माशाच्या मेंदूतही ठिपके दिसले. दुरुस्ती केली, ठिपके गेले. २०१२ मधे त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. हे कार्ड हवं होतं की नाही सांगा! मी कोऱ्या पुठ्ठ्यावर मासा काढून घातलंय, ३१ वं कार्ड.

टीएमएसचंही कार्ड नाहीये आणि ही मला मोठी चूक वाटते. १९८५ पासून वापरात आहे, डोक्याबाहेर कॉइल धरून चुंबकाचा ठोका देतात आणि एखाद्या भागाचं काम क्षणभर विस्कळीत करतात. स्कॅनर फक्त सांगतो की काम चालू असताना हा भाग जागा होता. तो भाग नसता तर काम अडलं असतं का, हे तिथे खोडी काढल्याशिवाय कळत नाही. जखमांची कार्डं मला भारी वाटली ती त्यामुळेच, आणि टीएमएस असतं तर जखम न करता तेच कसं तपासतात हेही कळलं असतं.

घ्यावं का? एकटं मॉडेल मिळत असेल तर मैत्रिणीचं आठवडाभर मागून आणा, पुरे. कार्डांसकट मिळत असेल तर घ्या, चुकांसकट घ्या. तीन स्टार देतेय. विकणाऱ्यांना तुटलेल्या खुंटीचा फोटो पाठवलाय, नवीन पाठवतो म्हणालेत, आली आणि बसली तर चौथा देईन, तोपर्यंत दोन अर्धे रबरबँडने बांधून ठेवलेत.